साळवींचं मागचं पान

साळवींच्या हातात कुठलाही कागद द्या, ते आधी उलटून त्याची मागची बाजू बघतात. मग ते विजेचं बिल असो, नाहीतर भज्यांबरोबर आलेला वर्तमानपत्राचा तुकडा. माझ्या बहिणीची लग्नपत्रिका त्यांनी उलटली, मागे कोरं होतं. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा खात्री केली आणि मगच म्हणाले, "हां, आता येतो लग्नाला."

रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये आम्ही शेजारी बसायचो. पेशंट घरी गेला की त्याची फाइल आमच्याकडे येते. डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचून त्याचा ठरलेला कोड आम्ही रजिस्टरात चढवायचा. मनाच्या आजारांच्या फायलींना साळवी सहसा कुणाला हात लावू देत नसत. एफ बत्तीस म्हणजे नुसतं नैराश्य. एफ एकतीस म्हणजे कधी उधाण, कधी ओहोटी. पॉइंटनंतरचा आकडा माणूस सध्या कुठे आहे ते सांगतो. एक म्हणजे उधाणात, तीन म्हणजे ओहोटीला, चार म्हणजे पार गाळात, सात म्हणजे तूर्त बरा. नऊ म्हणजे नक्की माहीत नाही, आणि नऊ दिसला की साळवी फाइल घेऊन जिना चढत.

"साळवी, पेशंट मी तपासलाय की तुम्ही?" डॉक्टर वैतागायचे.

"तुम्हीच साहेब. म्हणून तर तुम्हांला विचारतो."

रोज दुपारी तीनला ते घरी फोन लावत. "काय गो, आज किती?" एवढंच विचारायचे, आणि उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवायचे. हा मटकाच, असं आमचं एकमत होतं. शिपाई पवारने एकदा त्यांचा चार लावून पाहिला आणि हरला. आठवडाभर तो साळवींशी बोलला नाही.

एकदा साळवी रजेवर असताना मालगुंडच्या एका मुलीची फाइल मी घाईत उरकली. बत्तीस पॉइंट नऊ. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पाहिली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"पान उलटा," ते म्हणाले.

मागे दोन ओळी होत्या. गेल्या दिवाळीत मुलगी दहा दिवस झोपली नव्हती, घरातली भांडी गावभर वाटून आली होती. म्हणजे एकतीस. मी मान खाली घातली. साळवी उठले, कपाटातून एक जुनं रजिस्टर काढून त्यांनी माझ्यासमोर उघडलं. त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : नलिनी साळवी, बत्तीस पॉइंट नऊ.

"आमची ही," ते म्हणाले. "बायकोची फाइल वाचवेना मला. पुढचं पान बघितलं, मागचं उलटलं नाही, आकडा टाकला, बांधून ठेवली. पुढे फाइल वाळवीनं खाल्ली, हे रजिस्टर तेवढं उरलं. वर्षभरानं ती परत बसून राहिली. मी गावी, वडलांच्या दिवसकार्याला. शेजाऱ्यांनी इथं आणून टाकली. डॉक्टर नवे, त्यांनी माझा आकडा बघून नैराश्याच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ती उधाणली. चालत पलीकडे जाते म्हणून भाट्याच्या खाडीत उतरली. कोळ्यांनी ओढून काढली, म्हणून आहे."

माझं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. चार, तीन, चार, चार. सात अख्ख्या महिन्यात एकदाच होता. आपण किती हसलो होतो या आकड्यांना, याची लाज वाटली.

साळवी निवृत्त झाले. आता त्या फायली मी बघतो, जिनाही मीच चढतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी तीन वाजता फोन वाजला.

"आज चार," साळवी म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सांगायला त्यांना दुसरं कोणी नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तेव्हापासून चौकटीत आकडा मी लिहितो.

काल म्हणाले, "आज चार." पण फोन ठेवला नाही. हळूच म्हणाले, "पण हिनं केस विंचरलेन आज. आपले आपण."

चौकटीत चार लिहिला. बाकीचं तिथं मावेना. मग कॅलेंडरचं पान उलटलं आणि मागे छापलेल्या पाककृतीच्या कडेला लिहून ठेवलं.