वडावरची रिकामी जागा

आमच्या बेटावर वाघूळ मेलं, की ज्याच्या अंगणात ते पडेल त्याच्या घरातलं एक माणूस वडावर लटकायला जातं.

ही फळं खाणारी वाघळं जगात दुसरीकडे कुठं उरली नाहीत. त्यांची संख्या कमी होऊ द्यायची नाही, अशी वाघूळ रक्षण मंडळाची अट आहे. ती आम्हीच मान्य केली, दुसऱ्या कुणाला कशाला शिव्या घालू? मागच्या जत्रेला गावकार भिवा देवासमोर गाऱ्हाणं घालत होता. त्यानं एकेक मागणं म्हणायचं आणि आम्ही एका सुरात होकार द्यायचा, ही बापजाद्यांची रीत.

"होडयेक वाऱ्यापासून राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाघूळ कमी झाला तर आमच्यातला माणूस भरून देतलव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझं लक्ष नारळाकडे होतं. देवाला दिलेला शब्द, आता फिरवणार कसा?

फाल्गुनात विजेच्या तारेला चिकटून एक वाघूळ आमच्या अंगणात पडलं. मी म्हटलं, मी जातो. मंडळाच्या कारखानीस साहेबांनी ते काठीनं उलटून पाहिलं.

"मादी आहे. मादीच लागेल."

"साहेब, बायको आहे ती माझी! कोंबडी नव्हे!"

"रागावू नका. जागा मादीची आहे."

शेवंतानं भांडी घासून पालथी घातली. उलटं लटकल्यावर लुगडं घसरू नये म्हणून कासोटा घट्ट मारला. मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं; डोळ्यांवर येईल म्हणाली.

"मैनेची वेणी घट घाल हां. तुझी ढिली पडता, शाळेत जायपर्यंत सुटता."

आणि गेली.

आता ती दिवसभर पदर अंगाभोवती गुंडाळून वडावर झोपते. तिन्हीसांजेला फळांवर जाते, बिया आमच्या परसात टाकते. रोपं चांगली आलीत. मैना शाळेतून येताना खालून हाक मारते, ती ओ देत नाही. मग पोरगी ताटावर नुसती बसून राहते. मला काय कळत नाही होय? जीव तुटतो.

म्हणून या जत्रेला मी भिवाचे पाय धरले. "भिवादा, शेवंताक परत माग रे."

"मागतंय, मागतंय. ऊठ आधी," भिवा म्हणाला. माणूस भला आहे.

देऊळ भरलं होतं.

"शेवंताक खाली उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यांच्या वर गेला. डोळ्यांत पाणी आलं.

भिवा थांबला नाही. "जागा रिकामी रवाक नको म्हणान तिच्या घरातली दुसरी मादी धाडतलव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुन्हा सगळ्यांच्या वर माझाच आवाज होता.

भिवानं नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा घेऊन मी घरी आलो, तो मैनेला दिला. शेवंता पोचायच्या आत तिला समोर बसवून वेणी घातली. या वेळी घट्ट घातली.