आक्काच्या दारापासून अठरा किलोमीटर

ज्या वर्षी मिस्त्रींच्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी मे महिन्यात आक्काचा निरोप आला. आक्का म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. फोन तिच्या मुलाने केला. "मामा, डॉक्टरांनी आठवडा सांगितलाय. आई सारखं तुमचं नाव काढते."

बहीणभावाचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. वडिलांचं गॅरेज विकलं, तेव्हा मिस्त्रींनी आपल्या वाट्यातून एक जुनी मिनीबस घेतली, आतल्या सीट उपटल्या आणि तिचं चाकांवरचं घर करायला घेतलं. दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी. आक्का म्हणाली होती, "हे खटारं मी माझ्या दाराशी उभं राहू देणार नाही." मिस्त्री म्हणाले होते, "येईन तर यातूनच येईन, नाहीतर येणारच नाही." दोघंही एकाच बापाची. कुणी माघार घेतली नाही.

आता मिस्त्री त्याच गाडीतून निघाले. बरोबर बायको आणि मेहुणा. मेहुणा वर्तमानपत्राच्या कचेरीत निधनाच्या जाहिराती घ्यायच्या खिडकीवर तीस वर्षं बसून रिटायर झालेला. माणूस वाईट नव्हता, पण कुणाच्याही तोंडाकडे ओळी मोजत असल्यासारखा बघायचा.

चाळीस किलोमीटर झाले आणि टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकला. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. रेडिएटरमधलं पाणी खदखदत होतं. पंखा मात्र गरगर फिरत होता.

"पंखा ठीक आहे," ते म्हणाले.

"मग बिघडलंय काय?" बायकोने विचारलं.

"पंखा सोडून काहीतरी."

तो पंखा त्यांनी निघायच्या आदल्याच दिवशी स्वतःच्या हाताने बसवला होता. भंगारातल्या एका कारचा, बॅटरीवर चालणारा. तेव्हा त्याच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी फ्यूज बदलले, थर्मोस्टॅट काढून टाकला, रेडिएटर धुऊन काढला. दर वेळी गाडी दहा किलोमीटर जायची आणि उकळायची. शेवटी त्यांनी जुन्या ड्रायव्हर लोकांचा उपाय केला. इंजिनची उष्णता आत ओढून घ्यायला गाडीतला हीटर पूर्ण सोडला. मे महिन्यात, भर दुपारी.

"अहो," बायको पदराने वारा घेत म्हणाली, "आपण आक्कांना भेटायला चाललोय, की त्यांच्यापुढे नंबर लावायला?"

"'अल्पशा आजाराने' असं नाही लिहिता यायचं आपल्याला," मेहुणा मागून म्हणाला.

आक्काचं घर अठरा किलोमीटरवर राहिलं असताना, एका टायरच्या दुकानाच्या भिंतीपाशी, गाडीने शेवटची वाफ सोडली. आणखी एकदा उकळली तर इंजिन कामातून जाणार होतं.

दोन दिवस गाडी तिथेच. मिस्त्री बॉनेटखाली, मेहुणा सावलीत, बायको दोघांपायी कपाळाला हात लावून.

"टॅक्सी करा ना."

"टॅक्सीतून उतरलो तर ती म्हणेल, कुठाय तुझं घर?"

"म्हणू दे की! म्हणायला शिल्लक तर राहू दे त्यांना!"

मिस्त्री पुन्हा बॉनेटखाली शिरले. पण फोन वाजला की त्यांच्या हातातला पाना खाली पडायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोने त्यांच्या नकळत भाच्याला सगळं सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाच्याची कार येऊन थांबली. मागच्या सीटवर उशांच्या ढिगात आक्का होती. वाळून काटकी झालेली.

"हा येत नाही म्हणे," ती म्हणाली. "मरतानासुद्धा मीच यायचं. शहाणा माणूस."

सावली होती ती फक्त गाडीचं नाक आणि भिंत यांच्यामध्ये. तिथे खुर्ची मांडून तिला बसवलं. मिस्त्री समोर उकिडवे बसले.  हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून ते उठले आणि त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. इंजिन रात्रभरात थंड पडलेलं होतं.

आक्काचे पांढरे केस भुरभुरले. तिने डोळे मिटले. "काय गार वारा येतोय रे. एवढं एक बरं केलंस."

मिस्त्री थिजले. हा पंखा समोरची हवा आत ओढणारा. त्याचा वारा समोर बसलेल्या माणसाला लागायचं काही कारण नव्हतं.

"वारा तुझ्याकडे येतोय?"

"मग काय शेजारणीकडे?"

"कागद द्या कुणीतरी!"

मेहुण्याने काही विचार न करता खिशातला कागद काढून दिला. मिस्त्रींनी तो जाळीसमोर धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता. तो उडाला आणि आक्काच्या मांडीवर पडला. आक्काने हात लांब करून वाचला.

"'प्रेमळ व मनमिळाऊ.' ही कोण गेली?"

मेहुणा टायर बघायला लागला.

"तारीख कोरी आहे," आक्का म्हणाली. "ते असू दे. पण मनमिळाऊ काढा. अकरा वर्षं भावाशी बोलले नाही मी. लोक हसतील."

मिस्त्रींनी पंख्याच्या दोन वायरी सोडवल्या आणि अदलाबदल करून जोडल्या. पाच मिनिटांचं काम.

"काय होतं?" मेहुण्याने विचारलं.

"वायरी उलट्या जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरत होता."

"कुठल्या गाढवाने जोडल्या?"

"आमच्या बापाच्या लाडक्याने," आक्का म्हणाली.

मिस्त्री हसायला लागले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. ते त्यांनी हातातल्या ऑइलच्या फडक्याने पुसलं आणि तोंड काळं करून घेतलं.

"आणि वारा कुठे गेला?" आक्का कुरकुरली. "जरा मला सुख लागलं की केलंस बंद."

अठरा किलोमीटर आक्का गाडीतल्या पलंगावर आडवी होऊन आली. काटा निम्म्यावरून हलला नाही. तिच्या घराचं वळण आलं तशी ती उठून बसली. "थांब. दाराशी नको. बोलले ते बोलले. मागच्या गल्लीत लाव."

गाडी मागच्या गल्लीत लागली आणि तिथेच राहिली. डॉक्टरांचा आठवडा उलटला, मग महिना उलटला. आक्का भिंतीला धरून मागच्या दाराने यायची, पलंगावर बसायची, आणि ओट्याची उंची चुकली आहे यावरून भावाशी तासभर भांडून परत जायची.

मिस्त्री त्याच वर्षी नोव्हेंबरच्या चौदा तारखेला सकाळी, गाडीतल्या ओट्यापाशी चहा गाळताना, हृदय बंद पडून गेले. आक्का त्यानंतर चार वर्षांनी, फेब्रुवारीत गेली.