जलदफ्तराच्या खिडकीची हकिकत

गजाननाचे स्मरण करोन, मस्तक तापले असताही हात जोडोन लिहितो ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सरी, ज्येष्ठमासी एका राज्यात आक्रीत वर्तले. राज्याचे जलदफ्तर संगणकात होते. त्यात टाक्या आणि उंबरे हे ठिपके, आणि कोणते पाणी कोणाचे घरी जाते त्या रेघा. दफ्तरावर सर्वर अष्टौप्रहर बैसला असे, आणि पुसणे ते त्याचे खिडकीवर पुसावे ऐसा शिरस्ता. दफ्तरदार विसाजीपंत, लेखनिक सगुणाबाई. तो दोनप्रहरी खबर आली की उत्तरेचे टाकीत विषारी औषध सांडले. हुकूम जाहला, "ते पाणी पिणारे उंबरे सांगा, तत्काळ!" मग पंतांनी कमांडीची काळी पाटी उघडिली आणि थेट दफ्तराचे कोठीत शिरो लागले. पाटी बोलिली, "कुलूप आहे. सर्वर आत लिहितो आहे."

सगुणाबाई म्हणाल्या, "अहो पंत, हीच पाटी सर्वरच्या खिडकीस जोडा की! प्रश्न तोच, उत्तर लगेच येईल."

पंत कडाडले, "आम्ही दफ्तरदार! आमचेच दफ्तर खिडकीशी उभे राहोन मागावे? ती खिडकी रयतेची!"

आणि पुन्हा तोच हुकूम टंकिला, पुन्हा कुलूप, ऐसे सात वेळा! काय म्हणावे या कर्माला! सर्वर थांबवावा तर नगराच्या पाण्याच्या झडपा त्याचेच हाती. मग पंतांनी चालत्या सर्वरखालून दफ्तराची नक्कल उचलिली, नकलेस पुसिले, आणि चाळीस उंबरे निघाले. दवंडीची गाडी सुटली. "पाहिलेत?" पंत म्हणाले आणि चहा मागविला.

बाईंनी यादी वाचिली, तो तांबट आळी नाही! मग त्यांनी स्वतः खिडकीवर पुसिले, आणि पळात एकोणपन्नास उंबरे आले. आळीची त्या दिवशीची नोंद अजून सर्वरचे मुखीच होती, कोठीत लिहिणे बाकी, म्हणोन नकलेत उतरलीच नव्हती. बाई अनवाणी धावल्या. त्यांच्या मातोश्री त्याच आळीत राहत, आणि तांब्याभर पाणी पिऊन चुकल्या होत्या.

दवाखान्यात मातोश्रींनी पुसिले, "सगुणा, आमची आळी तुमच्या दफ्तरात नव्हती का गं?"

"होती, आई. सकाळी मीच लिहिली."

तात्पर्य, मातोश्री तिसरे दिवशी उठून बसल्या, शेजारचे रामजी तांबट उठले नाहीत, आणि पंत हल्ली खिडकीवरच पुसतात. येथे बोरू ठेवितो, अधिक लिहू जाता शिव्याच उमटतील.