एक टनाची खोली

झुंबरबाई पहाटे गेल्या आणि धाकटा ऋषिराज होता दुबईत. आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा, म्हणून पणदऱ्यातली सगळी भावकी संध्याकाळपर्यंत थांबायला तयार झाली. मे महिन्याचं ऊन मात्र थांबणार नव्हतं. बारामतीतली शीतपेटी दुसऱ्या गावी गेलेली. शेवटी थोरल्या गोकुळनं आईला स्वतःच्या झोपायच्या खोलीत ठेवलं, एसी सोळावर केला आणि दार ओढून घेतलं.

दार काही बंद राहिलं नाही. कऱ्हाटीहून माहेरच्या बायका आल्या, गळा काढून तिथंच बसल्या. पाठोपाठ सगळी आळी आली. दहा बाय दहाची खोली, त्यात पंचवीसेक बायका, रडताहेत आणि पदरानं वारा घेताहेत. एसी नुसताच घरघरत होता.

चुलते हिंदुराव आत डोकावले. त्यांचा जन्म कारखान्याला ऊस घालण्यात गेलेला.

"किती टनाचा हाय ह्यो?"

"एक टनाचा, तात्या."

"एवढ्याशा खोलीत एक टन गारवा मावायचा न्हाय. मग जातोय कुठं?"

टन म्हणजे इथं वजन नव्हे, खोलीतली उष्णता किती झपाट्यानं बाहेर निघते त्याचं माप, हे गोकुळनं सांगून पाहिलं. एसी दोन माणसांच्या हिशेबानं घेतलेला. इथं तर एकेक माणूस पेटत्या दिव्यासारखं तापतंय. तात्यांना एवढंच उमगलं, की एसी कमी पडतोय. त्यांनी शेजारपाजारचे दोन कूलर आणून आत लावले. बंद खोलीत ओल कोंडली, बायका आणखीच घामाघूम झाल्या. तेवढ्यात, सुतकाच्या घरी चूल पेटवायची नाही म्हणून, कुणीतरी चहाला विजेची शेगडी लावली. मेन स्विच खाडकन पडला.

कूलर आणि शेगडी काढली, तेव्हा कुठं वीज टिकली. मग गोकुळ हात जोडून एकेकीला बाहेर काढू लागला. मावशी फणकारली, की सख्ख्या बहिणीला बघायला आता तुझी परवानगी का? तरी गेली. आईच्या पायाशी गोकुळ तेवढा उरला. सकाळपासून त्याला रडायला सवड झाली नव्हती. बायको, सोनल, दारातून हळूच म्हणाली, "तुमीबी या बाहेर. तुमचीबी गरमी हायच की."

तो उठून बाहेर आला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

खोली छान गार पडली. दिवेलागणीच्या आत ऋषिराज पोचला, थेट आत गेला. बाहेर आला तो तडक गोकुळपुढं उभा राहिला.

"दादा, अंगणात एवढी माणसं, अन् आईजवळ एकबी न्हाय? एकटीलाच टाकली व्हय?"

तात्या टनाचं गणित समजावायला पुढं सरसावले. गोकुळनं त्यांचा दंड धरून त्यांना थांबवलं. तो आत गेला, आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडला. मागोमाग मावशी शिरली, मग बाकीच्या बायका. दार उघडंच राहिलं. खोली भराभर तापू लागली. आता तापली तरी चालणार होतं.