सातच्या बातम्या

राजा पार्कातल्या जयंतरावांच्या घरी रोज संध्याकाळी सात वाजता व्हीसीआर आपोआप सुरू होई आणि केबलवरच्या मराठी बातम्या अर्धा तास टिपून घेई. जयंतराव विमा कंपनीत अधिकारी. बदली होऊन जयपूरला आल्याला सहा वर्षं झाली होती आणि तेवढ्यात त्यांच्या लेकीचं, भार्गवीचं मराठी पार पातळ झालं होतं. म्हणून हा उपाय. जेवणानंतर कॅसेट लावायची आणि भार्गवीनं बातम्यांतले पाच नवे शब्द वहीत उतरवायचे.

"बाबा, शिष्टमंडळ मतलब?"

"पाहुणे. पण चहा पिऊन निवेदन देणारे."

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि त्यात पंडितकाकांची कॅसेट आली.

पंडितकाका म्हणजे खातीपुऱ्यात राहणारे रेल्वेचे निवृत्त गार्ड. तीस वर्षांपूर्वी भुसावळ स्टेशनवर एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं, त्यात नायिकेच्या गाडीला काकांनी हिरवा बावटा दाखवला होता. ही हकीकत महाराष्ट्र मंडळातल्या तान्ह्या मुलांनाही पाठ होती. सिनेमा मात्र कुणी पाहिलेला नव्हता. शेवटी काकांच्या बायकोनं, सुलोचनाकाकूंनीच भुसावळच्या भावाकडून गुपचूप कॅसेट मागवली आणि महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात सिनेमा दाखवायचं ठरलं. व्हीसीआर जयंतरावांचा, म्हणून कॅसेट तपासायचं कामही त्यांचंच.

"तपास, पण स्टेशनच्या सीनआधी बंद कर," कॅसेट देताना काकांनी बजावलं. "तो सगळ्यांनी एकदमच बघायचा. आधी बघशील तर माझी शपथ आहे."

जयंतरावांनी शपथ पाळली. आदल्या दिवशी दुपारी सिनेमा बघत बसले, नायिका टांग्यातून स्टेशनकडे निघाली तसं इमानदारीत बटण दाबलं, आणि बायकोला, प्रतिमाताईंना, नि भार्गवीला घेऊन जुन्या शहरात, चारदीवारीत बांगड्या घ्यायला गेले. कॅसेट व्हीसीआरमध्येच राहिली. सात वाजले. व्हीसीआरनं आपलं कर्तव्य चोख बजावलं.

आठला घरी आल्यावर भार्गवी वही घेऊन बसली, जयंतरावांनी कॅसेट थोडी मागे घेऊन लावली. टांगा निघाला, धूळ उडाली आणि धुळीतून निवेदिका म्हणाली, "नमस्कार. ठळक बातम्या."

जयंतरावांनी कॅसेट पुढे पळवून पाहिली. बातम्याच.

"बाबा, मतलब काकांचा सीन गेला?"

"तू शब्द लिही," प्रतिमाताई म्हणाल्या. "बाबांना आज सुचायचे नाहीत."

सकाळी उठून जयंतराव स्कूटर काढून खातीपुऱ्याला गेले. जे झालं ते सांगून पाय धरायचे, असा निश्चय होता. दार काकूंनी उघडलं. हातात इस्त्री, आणि पलंगावर काकांचा गार्डाचा पांढरा कोट पसरलेला.

"संध्याकाळी हाच घालायला लावणारे त्यांना," काकू म्हणाल्या. "लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण या माणसानं तो सिनेमा काही दाखवला नाही मला. आज बघीन एकदाचा. तुम्ही काही काम काढलं होतं?"

"नाही, सहजच," जयंतराव म्हणाले आणि चहा पिऊन परत आले. त्या चहाचा एकेक घोट त्यांना कडू लागला.

संध्याकाळी मंडळाचा हॉल गच्च भरला. काका पहिल्या रांगेत, कोटात, घामाघूम. टांगा निघाला तसे लोक सरसावून बसले, आणि निवेदिकेनं नमस्कार केला. मागच्या रांगेत भार्गवीनं सवयीनं वही उघडली.

जयंतराव उठले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका सावकाश उभे राहिले. "अरे, नेमका माझाच सीन?" ते गरजले. "तीस वर्षं जपलेला!"

"काका, तुम्हीच करून दाखवा ना!" कुणीतरी ओरडलं.

काकांनी आढेवेढे घेतले नाहीत. खिशातून हिरवा रुमाल काढला, छाती पुढे काढली, शिट्टी फुंकल्याचा आवाज केला आणि असा काही बावटा दाखवला, की सगळा हॉल टाळ्या वाजवत उठला. काकू तर रडता रडता हसत होत्या. पुढचा सिनेमा कुणी नीट पाहिलाच नाही.

निघताना काकांनी जयंतरावांना जिन्याखाली गाठलं.

"काका, मला माफ करा," जयंतराव म्हणाले. "तुमची आयुष्याची ठेव होती ती."

"गप रे," काका कुजबुजले. त्यांनी वर पाहून काकू येत नाहीत ना, याची खात्री करून घेतली. "मी नाहीये त्या सिनेमात."

"म्हणजे?"

"बावटा दाखवला होता रे, खरंच दाखवला होता. पण त्यांनी कापला. तीनदा तिकीट काढून बघितला मी. गाडी सुटते, धूर दिसतो, गार्ड नाहीच. कॅसेट आली तेव्हापासून जेवण गेलं नव्हतं मला. सुलोचनाला काय तोंड दाखवणार होतो?"

जयंतराव जिन्याच्या पायरीवरच टेकले.

"आता एकच कर," काकांनी त्यांचा हात घट्ट धरला. "तिनं आत्ताच भावाला फोन लावला. तो दुसरी कॅसेट पाठवतोय. मी तिला तुझाच पत्ता द्यायला लावलाय. बातम्या अजून सातलाच असतात ना?"