उसना नमुना

लॅबचा माणूस कोणत्याही क्षणी बेल वाजवणार होता आणि ढुंढिराज रिकामी बाटली हातात धरून बाथरूमच्या दाराशी उभे होते. बाटली रिकामीच राहावी, अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

भीती उगीच नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ देवव्रत गेल्या वर्षापर्यंत त्यांच्याबरोबर गंगापूर रोडला फिरायला यायचा. आता तो डायलिसिसला जातो. त्याची सुरुवातही अशाच एका बाटलीने झाली होती. शिवाय ढुंढिराजांचं मन त्यांना खात होतं. गुडघेदुखीच्या गोळ्या ते चोरून शेंगदाण्यासारख्या खात. पापड-लोणच्याशिवाय घास उतरत नसे. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या या गृहस्थांना गंगापूर धरणातला पाणीसाठा आजही तोंडपाठ होता, पण स्वतःच्या पोटात दिवसाकाठी तांब्याभर पाणी जात नव्हतं. मुलीने, वल्लरीने, हट्ट धरून तपासणी ठरवली. सुई टोचून घ्यायला बाबांनी साफ नकार दिला, तेव्हा निदान लघवी तरी द्या, इथे तह झाला.

"अगं," ढुंढिराज बायकोच्या कानाशी कुजबुजले, "तूच भरून आण ना."

"काय?" मालिनीबाईंच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली.

"बाटली. तुझं सगळं व्यवस्थित असतं. रिपोर्ट चांगला येईल, वल्लरीच्या जिवाला शांती मिळेल."

"अहो, या वयात काय ही थेरं!"

"देवव्रतचे हात पाहिलेस ना? सुयांनी चाळण झालीय नुसती."

मालिनीबाईंनी गाळणी खाली ठेवली. लग्न झाल्यापासून नवऱ्याची बरीच कामं त्यांनीच केली होती, त्यात हे आणखी एक. त्यांनी बाटली घेतली आणि थोड्या वेळाने भरलेली बाटली रुमालात गुंडाळून लॅबच्या माणसाच्या हाती दिली. ढुंढिराजांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि चहाबरोबर दोन पापड भाजायला सांगितले.

रिपोर्ट संध्याकाळी वल्लरीच्या फोनवर आला.

"बाबा, यूरोबिलिनोजेन खूप वाढलंय. बिलिरुबिनही दिसतंय."

"म्हणजे काय?"

"नीट कळत नाही. पण लाल अक्षरात आहे."

लाल अक्षर पुरेसं होतं. फोनाफोनी झाली. त्र्यंबकेश्वरच्या मेहुण्याने ग्रहशांती करून घ्यायला सांगितली आणि तिच्या सामानाची यादीही पाठवून दिली. देवव्रतचा फोन थेट डायलिसिसच्या पलंगावरून आला. "दादा, घाबरू नकोस. माझ्या शेजारचा पलंग परवाच रिकामा झालाय. खिडकीजवळ आहे." तो कसा रिकामा झाला, हे ढुंढिराजांनी विचारलं नाही.

घरातले पापड गेले, लोणच्याची बरणी माळ्यावर गेली आणि ढुंढिराज दिवाणावर. कामाला येणाऱ्या अक्काबाईला वल्लरीने सकाळ-संध्याकाळ मोसंबीचा रस काढायचं काम वाढवून दिलं. अक्काबाई मूळची पेठ तालुक्याकडची. बोलणं कमी, काम दणकट, सुट्टी जवळजवळ नाहीच. ती मुकाट्याने मोसंबी पिळी, ग्लास दिवाणाशी ठेवी आणि पुन्हा फरशीला लागे.

ढुंढिराजांना मात्र तो रस घशाखाली उतरेना. लाल अक्षरातला आजार कोणाचा, हे त्यांना ठाऊक होतं; मालिनीच्या ते ध्यानातही आलेलं दिसत नव्हतं. समोर मालिनी चालती-बोलती फिरत होती आणि आतून पोखरली जात होती. खरं सांगावं तर मुलीसमोर अब्रू जाणार, न सांगावं तर बायको. त्यांनी मधला मार्ग काढला.

"मालिनी, तू बस जरा. दमली असशील. हा रस तूच घे."

"मी कशाला?"

"घे गं. आयुष्यभर राबलीस माझ्यासाठी."

मालिनीबाईंनी ग्लास पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. "अहो, असं गोड बोलू नका. शेवटचं बोलल्यासारखं वाटतं."

दोन दिवस असे गेले. ढुंढिराजांनी रात्री बायकोचा श्वास मोजला, सकाळी तिची जीभ पाहायला मागितली. आपल्या भित्रेपणाने हिचा जीव जाणार, या विचाराने ते खरोखरच आजारी दिसू लागले. मग वल्लरीने काही ऐकून घेतलं नाही. त्यांना धरून नेलं, रक्त काढलं आणि सगळे रिपोर्ट घेऊन तिघंही डॉक्टर आभांपुढे बसली.

डॉक्टरांनी एक कागद वाचला, दुसरा वाचला, पुन्हा पहिला वाचला. मग ढुंढिराजांच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या.

"काका, यूरोबिलिनोजेन थोडं प्रत्येकाच्या लघवीत असतंच. इतकं वाढलं, तर बहुतेक वेळा यकृतात काही बिघाड असतो. त्यावरून किडनीचं काही ठरत नाही. पण तुमच्या रक्तात यकृत ठणठणीत आहे. कुरकुर आहे ती किडनीची. लघवीवाल्या माणसाला कावीळ असावी आणि रक्तवाल्या माणसाने दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्यात. ही दोन माणसं आहेत. बाटली कोणाची होती?"

ढुंढिराजांचा बांध फुटला. "हिची!" ते लहान पोरासारखे रडू लागले. "डॉक्टर, मी पापी आहे. माझं काय व्हायचं ते होवो, हिला वाचवा!"

"बाबा!" वल्लरी ओरडली.

मालिनीबाई लाल झाल्या होत्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "माझी नव्हती ती."

"म्हणजे?"

"मला साखर आहे, तुम्ही विसरलात. माझी दिली असती तर तुमच्या नावावर साखर लागली असती. श्रीखंड बंद, वर गोळ्या. म्हणून मी... अक्काबाईला भरून द्यायला सांगितलं. म्हटलं, घरात तीच एक धडधाकट. रिपोर्ट आला तेव्हा वाटलं, लॅबनेच घोळ घातला. आणि तुमचे पापड सुटत होते, म्हणून मी गप्प बसले."

डॉक्टरांनी दोन्ही कागद बाजूला ठेवले.

"ती आत्ता कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरी," वल्लरी हळूच म्हणाली. "बाबांसाठी रस काढतेय."

"तिला तडक घेऊन या. आणि तो रस कोणी पिऊ नका."

घरी अक्काबाई मोरीपाशी भिंतीला टेकून बसली होती. यांना पाहताच धडपडत उठली. रोज सकाळी दार उघडताना ती समोर उभी असायची, पण तिच्या डोळ्यांकडे ढुंढिराजांनी आजच पाहिलं. ते हळदीसारखे पिवळे होते. त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि ती पापड-गोळ्यांच्या शरमेहून फार मोठी होती.

"अक्काबाई, बरं नाही हे सांगायचं नाही का?" मालिनीबाईंनी तिला हाताला धरून बसवलं.

"गावाकडून आली तवापासून पोटात ढवळतंय, काकू. अन्न नको वाटतं. पन काका एवढं आजारी, आशात सुट्टी कशी मागू?"

कावीळच निघाली, आणि चांगलीच वाढलेली. अजून चार दिवस असंच राबली असती तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाल्या. सलाइन लावलेल्या अक्काबाईने ढुंढिराजांना उलट धीर दिला.

"रडू नका, काका. बाटली तुमच्या नावावर गेली म्हनून तपासली तरी. माझ्या नावावर कोन पाठवनार व्हतं?"

ढुंढिराजांनी डोळे पुसले. मालिनीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

अक्काबाई दवाखान्यात आणि मग पेठला बहिणीकडे होती, तोवर ढुंढिराजांनी फरशी पुसली. गुडघे दुखले तरी गोळी घेतली नाही. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या होत्या, मीठ कमी केलं होतं आणि पाण्याचा तांब्या समोर ठेवायला सांगितला होता. किडनी अजून सावरण्यासारखी होती, पण त्यासाठी लघवी पुन्हा तपासायला हवी होती.

अक्काबाई कामावर परतली त्याच सकाळी लॅबचा माणूस येणार होता. ढुंढिराज बाटली घेऊन बाथरूमच्या दाराशी थबकले. सवयीने त्यांची नजर मालिनीबाईंकडे गेली. मालिनीबाईंनी सवयीने अक्काबाईकडे पाहिलं.

अक्काबाईने हातातला झाडू भिंतीला लावला, पाट ओढला आणि बाथरूमच्या दारासमोर फतकल मारून बसली.

"जावा आत, काका," ती म्हणाली. "या खेपेला तुमची तुम्हीच भरा. मी बसली हितं."