अठ्ठेचाळीस व्होल्ट आणि दहा किलो

माणसाला आयुष्यात निदान एक डबा तरी स्वतःच्या डोक्यानं बनवता आला पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. होतं!

मी माऊली. राहायला जळोचीत. बारामतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. वीस वर्षं पोरांना सर्किटं जोडून देतोय. त्यामुळं आमच्या विजयमालाला, म्हणजे आमच्या मंडळींना, माईकसाठी वीजपुरवठ्याचा डबा लागतोय म्हटल्यावर मी छाती पुढं काढली.

"तयार मिळतो म्हणे, मागवू का?" तिनं विचारलं.

"विकत? घरात तंत्रज्ञ असताना? रविवारी संध्याकाळी डबा तुझ्या टेबलावर!"

"कुठल्या रविवारी?"

या प्रश्नाकडं मी मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं.

झालं होतं असं. विजयमाला हायस्कूलला मराठी शिकवते. तिच्या वर्गात छकुली नावाची मुलगी आहे, तिला दिसत नाही. मधल्या सुट्टीत ही स्वतःची पोळी बाजूला ठेवून तिला धडे वाचून दाखवते. अशा मुलांसाठी पुस्तकं वाचून त्यांची ध्वनिमुद्रणं करणारी एक संस्था पुण्यात आहे. त्यांना नवे वाचक हवे होते. दहा मिनिटांचा नमुना, सोमवारी दुपारी बाराच्या आत. अट एकच, आवाज स्वच्छ हवा. विजयमालानं हे फार मनावर घेतलं होतं. इतकं की आठ दिवस तिनं लोणचं खाल्लं नव्हतं.

तिच्या भावानं लगोलग एक भारी माईक पाठवून दिला. पण त्या माईकला स्वतःची अठ्ठेचाळीस व्होल्ट वीज लागते, हे काही त्यानं पाठवलं नाही.

सर्किट मी दोन दिवसांत जोडलं. प्लायवूडच्या तुकड्यावर ठोकलं, माईक लावला, लॅपटॉप लावला. विजयमाला म्हणाली, "नमस्कार." लॅपटॉपमधून ऐकू आलं, "घूंऽऽऽऽ!" जणू कुणी मधमाशांच्या मोहोळाला माईक दिलाय!

"सोपं आहे," मी म्हणालो. "उघड्यावरचं सर्किट घरातल्या विजेची घुरघुर ओढून घेतं. त्याला लोखंडी डब्यात घालायचं आणि डब्याला अर्थिंग द्यायचं. संपला विषय!"

विषय संपवायला मी आधी स्वयंपाकघरातला राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा घेतला. त्याला दोन भोकं पाडली. तिसरं पाडायच्या आत विजयमाला आली. पुढचा अर्धा तास मी सांगत नाही.

म्हणून मग रीतसर डबा! मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. बारा इंच लांब, आठ रुंद, पाच उंच. माईकच्या सॉकेटांसाठी दोन गोल भोकं, वायरीसाठी एक, वर स्क्रूचं झाकण. पुठ्ठ्याचा नमुनासुद्धा केला. तो घेऊन गुरुवारी अफजलभाईच्या दुकानात गेलो. अफजलभाई उसाच्या ट्रॉल्या बनवतो. त्याची बायको सुरैय्याभाभी त्या ट्रॉल्यांवर अशी सुरेख अक्षरं काढते, की लोक ओव्हरटेक करायचं सोडून वाचत बसतात.

अफजलभाईनं नमुना उलटासुलटा करून बघितला. "सर, ह्यात काय ठेवायचंय? कबुतर?"

"माईकची वीज. पत्रा पातळ वापर हं, एक एमएमचा."

"पातळ?" त्याला शिवी दिल्यासारखं झालं. "आपल्या दुकानातनं हलकं काम जात न्हाय सर. ट्रॉलीच्या तळाचा पत्रा लावतो. उद्या वरनं ऊस गेला तरी डबा हाय तसा!"

माईकवरून ऊस कशाला जाईल, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तोवर त्यानं कटर चालू केला.

शुक्रवारी कॉलेजातनं येताना बघायला गेलो. दोन डबे लाल ऑइलपेंट लावून पालथे वाळत पडले होते. एक माझा आणि दुसरा इंदापूरकडच्या एका गावच्या दूध संकलन केंद्राची तक्रारपेटी. योगायोगानं मापं जवळपास तीच. कशावर काय लिहायचं त्याच्या दोन चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्यानं दुकानभर उडत होत्या. अफजलभाई वेल्डिंगचा चष्मा लावून बसलेला, भाभी घरात. मीच त्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि एकेका डब्याखाली नीट दाबून ठेवल्या. कामात अशी शिस्त लागते!

शनिवारी डबा गोणपाटात गुंडाळून तयारच होता. उचलला आणि माझ्या कमरेतून कट्‌ असा आवाज आला. दहा किलो! रिक्षावाल्यानं डब्याचं वेगळं भाडं मागितलं.

घरी येऊन थाटात गोणपाट काढलं. वर पिवळ्याधमक अक्षरांत, "धोका! ४८ व्होल्ट. उघडू नये." काय ते वळण! काय ते उद्गारचिन्ह!

"सुरेख!" विजयमाला म्हणाली. "पण ही फट कशाला?"

झाकणाला लांबलचक फट होती. "हवेसाठी," मी म्हणालो. "सर्किट तापतं."

"आणि कुलपाची कडी?"

"सुरक्षेसाठी."

"आणि माईक कुठं लावायचा? भोकं कुठायत?"

मी डबा चारी बाजूंनी फिरवला. मग अफजलभाईला फोन लावला.

"भोकं न्हाईत कशी?" तो म्हणाला. "तीन पाडलीत की, माझ्या हातानं!"

"मग ती गेली कुठं?"

"भोकं कुठं जात्यात सर? डबा गेला. काल सांजच्यालाच टेम्पोत टाकला, इंदापूरकडं." मागून भाभीचा आवाज आला, "मी चिठ्ठी बघून लिवलं! ज्या डब्याखाली जी चिठ्ठी, त्ये त्याच्यावर. चिठ्ठ्या कुणी ठेवल्या त्येला विचारा!"

मी फोन ठेवला. विजयमालानं पेट्रोलचे पैसे टेबलावर ठेवले. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं!

रविवारी सकाळी सहाला आम्ही मोटारसायकलवर निघालो. मागं विजयमाला, तिच्या मांडीवर दहा किलोचा धोका. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून त्या रस्त्यानं जायचं असतं. पोचलो तेव्हा केंद्रावर सकाळचं दूध घालायची रांग लागलेली. किटल्या, कॅन, बायका, बापे. आणि भिंतीवर हार घातलेला माझा डबा! त्यावर लिहिलेलं, "तक्रारपेटी. आपले नाव गुप्त ठेवले जाईल." माझ्या सॉकेटांच्या भोकांतून कागदाच्या सुरळ्या विड्यांसारख्या बाहेर डोकावत होत्या. लोकांनी फट नाही म्हणून अडून न बसता भोकांतून तक्रारी कोंबल्या होत्या!

मला घाई. कुणाला न विचारता मी पान्हा काढला आणि पहिला बोल्ट फिरवला.

"आरं, पेटी काढतोय!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"आबानं माणूस लावलाय! तक्रारी गायब कराय!"

किटल्या खाली आणि रांग माझ्याभोवती! केंद्राचे चेअरमन हिंदुराव आबा धोतर सावरत बाहेर आले. "मी कशाला माणूस लावू?" मग माझ्या खिशातली दोन पेनं बघून त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ह्ये तर तपासणीचं सायेब दिसत्यात. सायेब, चहा घ्या. ए, चहा आणा!"

"मी साहेब नाही हो! हा डबा माझा आहे! यात मला अठ्ठेचाळीस व्होल्ट सोडायचेत!"

आणि जो गलका उठला!

"करंट! पेटीला करंट लावणार हाय!"

"तक्रार टाकली की झटका!"

"तसं नाही!" मी केविलवाणा झालो. "तुमची पेटी मी आणलीय ना! ही बघा!" आणि मोठ्या विश्वासानं गोणपाट ओढलं.

आत लाल पेटी. वर फट. फटीखाली पिवळ्याधमक अक्षरांत "धोका! ४८ व्होल्ट."

मला वाटतं, त्या दिवशी मी दुधाच्या हौदात गेलोच होतो. चार हात माझ्या शर्टाला लागलेसुद्धा होते. तेवढ्यात विजयमाला पायरीवर चढली आणि म्हणाली, "गप्प बसा!"

नुसते दोन शब्द. पण पस्तीस-पस्तीस पोरांचे वर्ग सांभाळलेला आवाज तो. रांग आपोआप सरळ झाली. आबासुद्धा हाताची घडी घालून उभे राहिले. तिनं चिठ्ठ्यांचा घोळ, माईक, छकुली, सोमवारची मुदत सगळं चार वाक्यांत सांगितलं. माझा उल्लेख "आमचे हे" एवढाच केला, पण ज्या सुरात केला त्यावरून लोकांना सगळं समजलं. माझ्याकडं रागानं बघणारे आता दयेनं बघायला लागले.

रांगेच्या अगदी शेवटी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या प्रयागबाई पुढं आल्या. "न्या की बाई पेटी. पर आदी आतलं समद्यांम्होरं वाचून दावा. न्हायतर ह्ये कागद चुलीत जात्याल."

"व्हय! वाचा!" रांग म्हणाली.

आबांनी इकडंतिकडं बघितलं. नाही म्हणायला जागाच नव्हती. मी स्क्रू काढले, विजयमालानं सुरळ्या उलगडल्या. केंद्रात दुधाच्या नोंदी लिहिणारी वैष्णवी मोबाईल समोर धरून उभी राहिली.

आणि विजयमाला वाचायला लागली. सावकाश, स्पष्ट, स्वल्पविरामासकट!

"'फॅटचं मशीन रोज माझ्या म्हशीला एकच आकडा देतं. म्हैस बदलली तरी तोच आकडा. मशीनला आमचं तोंड पाठ झालंय का?'"

हशा. आबा आभाळाकडं बघायला लागले.

"'केंद्रावरचा चहा फक्त संचालकांना मिळतो. दूध आमचं असतं.'"

माझ्यासाठी आलेला चहा आबांनी हळूच मागं सरकवला.

"'पाच वर्षं झाली, बायकांना रांगेत शेवटाला उभं करत्यात. बाप्ये आले की पुढं घुसत्यात. घरी लेकरं उपाशी, आमी हितं उन्हात. आमच्या म्हशी काय शेवटाला दूध देत्यात व्हय?'"

आता मात्र कुणी हसलं नाही. बापे किटल्यांकडं बघायला लागले. तिनं कागद खाली ठेवला, तेवढ्यात प्रयागबाई कळवळून म्हणाल्या, "आगं, पलट की! मागच्या बाजूला बी लिवलंय!"

नाव गुप्त ठेवण्याचा विषय तिथंच संपला.

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "बरं. उद्यापासनं बायकांची रांग येगळी. आदी त्यांचं दूध." मग विजयमालाकडं वळून खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, डबा घिऊन जावा तुमी. आनि आमच्या पेटीवरचं ते 'धोका' तेवढं राहू द्या."

दुपारी घरी पोचलो. चारपर्यंत सर्किट डब्यात बसवलं, सॉकेटं लावली, अर्थिंगची वायर बोल्टनं आवळली. विजयमालानं घसा साफ केला. मी ऐटीत बटण दाबलं.

"घूंऽऽऽऽ!"

वायरी बदलल्या. घूं! फ्रिज बंद केला. घूं! शेजाऱ्यांचा फ्रिज बंद करून आलो. घूं, आणि वर शेजाऱ्यांचं आइस्क्रीम विरघळलं!

सोमवारी सकाळी दहा वाजता मी डब्यात डोकं घालून बसलो होतो, तेव्हा विजयमाला शाळेतून फोनवर म्हणाली, "राहू द्या. वैष्णवीनं कालचं वाचन पाठवलंय, तेच पाठवते पुण्याला."

"अगं, अंध मुलांच्या संस्थेला फॅटच्या तक्रारी?"

"त्यांना आवाज ऐकायचाय ना? मग ऐकू दे."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. एका डब्यापायी तिच्या हातातलं काम घालवलं, असं सारखं वाटत राहिलं. चार दिवस मी न सांगता भांडी घासली.

गुरुवारी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. विजयमालानं स्पीकर लावला. "मॅडम, निवड झाली तुमची! पहिलं पुस्तक पुढच्या महिन्यात. आमच्याकडं स्टुडिओ आहे, माईक आहे, तुम्ही नुसत्या या. आणि हो," बाईंचा आवाज एकदम घरगुती झाला, "त्या बायकांची रांग झाली का हो वेगळी? आमच्या ऑफिसात सगळे विचारतायत."

"झाली!" विजयमाला म्हणाली, आणि फोन ठेवून आधी लोणच्याची बरणी काढली.

त्याच संध्याकाळी अफजलभाई पेढे मागायला आला. कोपऱ्यातला डबा त्यानं उघडून बघितला. "सर, अर्थिंग रंगावर आवळलंय?"

"मग?"

"रंगातनं करंट जातोय व्हय? आतनं बी दोन हात मारलेत मी. वेल्डिंगचं अर्थिंग लावताना आमी आदी रंग खरवडतो, मग चिमटा लावतो. तुमी कॉलेजात येगळं शिकवता का?"

वीस वर्षांची नोकरी माझ्या डोळ्यांसमोरून गेली. त्यानं खिशातून पान्हा काढून रुपयाएवढा रंग खरवडला, बोल्ट आवळला, बटण दाबलं. आणि काय सांगू! शांतता! अशी शांतता की भिंतीवरच्या पालीचं चालणं ऐकू यावं. माझा डबा जिंकला होता!

अफजलभाई गेल्यावर मी माईकसमोर बसलो आणि पाच मिनिटं वर्तमानपत्रातली शेतीची बातमी खणखणीत वाचून ध्वनिमुद्रित केली. मग विजयमालाला बोलावून ऐकवली. ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"कसं वाटलं?" मी विचारलं. "घूं गेली की नाही?"

"गेली," ती म्हणाली. "पण ती होती ना, तेव्हा निदान तुम्ही ऐकू येत नव्हतात."